छेदातली माणसं

दिल्लीहून दक्षिणेकडे निघालं की आधी गुरुग्राम लागतं, मग सोहना, आणि अरवलीच्या कडेने जाणारा रस्ता पुढे नूहला पोचतो. गुरुग्राम ते नूह हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आतलं आहे. हरियाणातले हे दोन्ही जिल्हे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतात, आणि २००५ पर्यंत नूहचा बहुतेक भाग गुरुग्राम जिल्ह्यातच होता. आज एकीकडे जगभरातल्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. दुसरीकडे अनेक गावांतलं भूजल खारं असल्यामुळे पिण्याचं पाणी हीच रोजची विवंचना आहे. २०११ च्या जनगणनेत गुरुग्राममध्ये सुमारे ७८ टक्के स्त्रिया साक्षर होत्या, तर तेव्हा मेवात म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नूहमध्ये ३६.६ टक्के. २०१८ मध्ये नीती आयोगाने मागे पडलेल्या १०१ जिल्ह्यांची क्रमवारी जाहीर केली, तेव्हा सगळ्यात शेवटचं नाव नूहचं होतं. विकास म्हणजे काय हे सांगायला याहून सोपी जोडी सापडणार नाही, असं इथवर वाटतं. पण त्याच जनगणनेच्या त्याच तक्त्यांत शून्य ते सहा वयोगटाचा एक रकाना आहे. दर हजार मुलग्यांमागे मुली किती, हे तो सांगतो. नूहमध्ये ९०६. गुरुग्राममध्ये ८३०.

निसर्गावर सोडलं तर हा आकडा साधारण ९५० च्या आसपास राहतो. म्हणजे नूहही निर्दोष नाही, पण गुरुग्राममध्ये मुलींची उणीव कितीतरी मोठी आहे. आता दरडोई उत्पन्नाचा हिशेब कसा मांडतात ते आठवा. वर, अंशात, एकूण उत्पन्न. खाली, छेदात, माणसं. जी मुलगी जन्मालाच येऊ दिली नाही ती छेदात नाही. छेद लहान झाला की भागाकार मोठा येतो. तिच्या नसण्याने दरडोई उत्पन्न वाढतं. कुणी म्हणेल की कमी मुलं होऊ देणाऱ्या प्रत्येक समाजाला हेच लागू पडतं. गणित तेच आहे, हे खरं. पण दोनच मुलं पुरेत असं ठरवणं वेगळं आणि मुलगा हवा म्हणून मुलगी पुसून टाकणं वेगळं, आणि भागाकाराला हा फरक कळत नाही. संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण घेतो, म्हणून तो जास्त शहाणा मानला जातो, आणि तो आहेही. पण आयुर्मान जन्मलेल्यांचं मोजतात, शाळेची वर्षंही जन्मलेल्यांचीच. स्त्रियांची प्रगती पुरुषांशी ताडून पाहणारा स्वतंत्र निर्देशांकही १९९५ मध्ये आला. तोसुद्धा हयात स्त्रियांची तुलना हयात पुरुषांशी करतो. नसलेल्या मुलीमुळे यातला एकही आकडा खाली येत नाही. देशादेशांची तुलना करताना आपण नेहमी अंशावर भांडतो: उत्पन्न घ्यावं की आनंद, डॉलर घ्यावा की रुपया. माझं म्हणणं असं की खरा प्रश्न छेदात आहे. माणूस म्हणून कोणाला मोजायचं हे आधी ठरतं, विकास किती झाला हे नंतर. आणि पहिला प्रश्न अर्थशास्त्राचा नाही, धर्माचा आहे. धर्म हा शब्द आपल्याकडे ज्या जुन्या, कर्तव्याच्या अर्थाने येतो त्या अर्थाने.

आपल्या देशात मोजमापाची सुरुवात याच प्रश्नातून झाली, हे आपण विसरलो आहोत. दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १८६७-६८ सालासाठी हिंदुस्थानचं दरडोई वार्षिक उत्पन्न काढलं, ते भरलं सुमारे २० रुपये. पण त्यांची खरी बुद्धिमत्ता पुढच्या पायरीत होती. या वीस रुपयांची तुलना कशाशी करायची? त्यांनी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च घेतला आणि परदेशी मजुरीला जहाजाने नेल्या जाणाऱ्या कुलींसाठी सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरवलेला शिधा घेतला. तांदूळ किती, डाळ किती, तेल-मीठ किती, कापड किती, असा वस्तूवार हिशेब करून प्रांताप्रांतानुसार माणशी गरज निघाली साधारण १६ ते ३५ रुपये. निष्कर्ष भयंकर होता. सरकार ज्याला गुन्हेगार ठरवून कोंडतं त्याला जेवढं देतं, तेवढंही निरपराध रयतेला पुरेल इतकं हा देश चांगल्या सालीसुद्धा जेमतेम पिकवत होता. या मोजमापात शिडी नाही, उंबरठा आहे. आपण इंग्लंडपेक्षा किती पायऱ्या खाली आहोत, एवढ्यावर दादाभाई थांबले नाहीत. माणूस म्हणून जगायला लागणारं किमान या माणसाला मिळतं का, असं त्यांनी विचारलं, आणि किमान किती हे ठरवायला राज्यकर्त्याचाच कागद वापरला.

तो उंबरठा पुढे पुण्यात पोचला. गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. रोज २२५० उष्मांक मिळायला १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च लागतो, हे त्यांनी दाखवलं. पुढे दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने २००९ मध्ये केवळ उष्मांकांवर टेकलेली रेषा सोडून शिक्षण आणि औषधपाणी यांचा खर्चही विचारात घेतला. तेंडुलकरांचं जून २०११ मध्ये निधन झालं, आणि सप्टेंबरमध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रातले, समितीच्या पद्धतीवरून काढलेल्या दारिद्र्यरेषेचे, शहरात ३२ आणि खेड्यात २६ रुपये रोज हे आकडे देशभर गाजले. बत्तीस रुपयांत दिल्लीत जगून दाखवा, असं आव्हान लोक देऊ लागले. संताप योग्य होता. मात्र एक गोष्ट त्या गदारोळात हरवली, ती तेंडुलकरांना न्याय द्यायचा तर सांगायलाच हवी: त्यांच्या समितीने गरिबांची संख्या घटवली नव्हती, वाढवली होती. २००४-०५ साठी आधीचा अधिकृत आकडा २७.५ टक्के होता. समितीच्या पद्धतीने तो ३७.२ टक्के झाला. सरकारी हिशेबात ज्यांना जागाच नव्हती अशा कोट्यवधी लोकांना एका मराठी प्राध्यापकाने दिल्लीत बसून जागा दिली. रेषा खालीच होती, पण ती वर सरकवल्यावर किती माणसं दिसू लागली, हे त्यातलं महत्त्वाचं.

देशादेशांमधल्या तुलनेत मात्र हा उंबरठा हरवतो आणि शिडी उरते. शिवाय शिडीच्या पायऱ्या कशाच्या बनल्या आहेत हेही बहुतेकांना ठाऊक नसतं. रुपयाचं डॉलरमध्ये रूपांतर बाजारभावाने केलं तर आपण फार गरीब दिसतो, कारण इथे बऱ्याच गोष्टी स्वस्त आहेत. म्हणून क्रयशक्ती समानता नावाचा हिशेब करतात. २०१७ मध्ये बाजारात एक डॉलर सुमारे ६५ रुपयांना पडत होता, पण अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं ते भारतात घ्यायला सरासरी २०.६५ रुपये पुरत होते. झटक्यात आपण तिप्पट श्रीमंत झालो. हिशेब चुकीचा नाही. पण इथे स्वस्त काय आहे, ते नीट पाहा. गाडी, मोबाइल, पेट्रोल फारसं स्वस्त नाही. स्वस्त आहे माणसाचा हात. गुरुग्रामच्या सोसायटीच्या फाटकावर सकाळी सहापासून ओळखपत्र दाखवून आत जाणाऱ्या बायका, धुणीभांडी, स्वयंपाक, मूल सांभाळणं, गाडी पुसणं, इस्त्री. त्यांची मजुरी कमी असल्यामुळेच वरच्या मजल्यावरच्या रुपयाला एवढी ताकद येते, आणि ती ताकद भारताच्या सुबत्तेत मोजली जाते. त्या बाईच्या मजुरीतलं दारिद्र्य मालकिणीच्या राहणीमानात समृद्धी म्हणून जमा होतं. अर्थात तिलाही भाजी स्वस्त मिळते, हे मान्य. पण तिच्यासाठी काम करणारा दुसरा स्वस्त हात खाली कुणी नाही.

ती संध्याकाळी घरी जाऊन जे करते त्याची नोंद तर कुठेच नाही. दुसऱ्याच्या घरी भाजलेली पोळी राष्ट्रीय उत्पन्नात येते. स्वतःच्या मुलांसाठी भाजलेली येत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चार असा दिवस घेऊन, त्याचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडून, त्या वेळात काय केलं हे माणसाला विचारायचं, अशी ती पद्धत. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं राबताना आढळल्या. अशी कामं करणारे पुरुष मुळात चौघांत एक, आणि तेही ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे दोघांचाही वेळ थोडा घटला, दरी दोनशे मिनिटांवर तशीच राहिली. रोजचे जवळजवळ पाच तास, कोट्यवधी स्त्रियांचे, देशाच्या उत्पन्नात शून्य. ही स्त्री छेदात आहे, माणूस म्हणून तिची गणती होते, पण अंशात तिच्या कष्टाला जागा नाही. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकन सिनेटला राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला हिशेब सादर करतानाच बजावलं होतं की या आकड्यावरून राष्ट्राचं कल्याण ठरवता येणार नाही. इशारा कपाटात गेला, आकडा जगभर पसरला.

यावर पहिला आक्षेप येतो तो आपल्या परंपरेच्या नावाने. माणसाचं जगणं मोजताच येत नाही, सुख आत असतं, अंश-छेद कशाला मांडता? आणि दाखला देतात मैत्रेयीचा. याज्ञवल्क्य ऋषी घर सोडून निघताना संपत्तीची वाटणी करू म्हणतात, तेव्हा त्यांची पत्नी मैत्रेयी विचारते की धनाने भरलेली सगळी पृथ्वी मिळाली तरी मी अमर होईन का; आणि नाही असं उत्तर आल्यावर ते धन तिला नको होतं. बृहदारण्यक उपनिषदातला हा प्रसंग अमर्त्य सेन यांनीही आपल्या विकासविचारात वापरला आहे, कारण संपत्ती कशासाठी हा प्रश्न त्यात नेमका विचारला आहे. मलाही तो मोलाचा वाटतो. पण त्या घरात आणखी एक स्त्री होती. याज्ञवल्क्यांची दुसरी पत्नी, कात्यायनी. उपनिषद तिच्याबद्दल एवढंच सांगतं की मैत्रेयी ब्रह्मवादिनी होती आणि कात्यायनीची समज चारचौघींसारखी होती. वाटणी मैत्रेयी आणि तिच्यातच व्हायची होती, आणि तिला काय हवं हे विचारल्याची नोंद नाही. मैत्रेयी धन नाकारू शकली, कारण ते तिच्यापुढे ठेवलं गेलं होतं, आणि नाकारताना वाद घालण्याइतकं ज्ञान तिच्यापाशी होतं. नूहमधल्या ज्या स्त्रीला अक्षरओळख नाही, जिच्यापुढे काहीच ठेवलेलं नाही, तिच्या तोंडी मैत्रेयीचं वाक्य घालणं हा तिच्यावर अन्याय आहे. मैत्रेयीच्या नावाने मोजणं थांबवलं की कात्यायनीचा हिशेब कायमचा राहून जातो.

डॉ. आंबेडकरांनी या बाबतीत इतकी स्पष्ट भूमिका घेतली होती की विकासाच्या चर्चेत ती वारंवार आठवायला हवी. १९५० मध्ये बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावर लिहिताना त्यांनी धर्माला ज्या कसोट्या लावल्या, त्यांतली एक अशी की धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये, त्याचं उदात्तीकरण करू नये. ज्याच्यापाशी आहे त्याने त्याग करावा, हे त्यांना मान्य होतं. पण नसण्यालाच सद्गुण म्हणणं म्हणजे अन्यायाला अभय देणं. भूतानच्या सकल राष्ट्रीय आनंदाकडे आपण कौतुकाने पाहतो, आणि त्या देशाने उत्पन्नाच्या पलीकडे पाहण्याचं धाडस केलं याबद्दल आदर हवाच. पण आनंद विचारून मोजायचा तर एक अडचण उरते. जिला कधी पर्यायच दिसला नाही ती आपल्या वाट्याला आलेल्यात समाधान मानायला शिकते, आणि विचारलं तर बरं चाललंय म्हणते. ते समाधान खोटं नसतं. पण त्याच्या आधारावर तिचं सगळं ठीक आहे असं राज्याने म्हणता कामा नये. शिवाय न जन्मलेलीला सुखी आहेस का हेही विचारता येत नाही.

दुसरा आक्षेप राष्ट्राभिमानाचा. हे निर्देशांक बाहेरचे लोक काढतात, त्यांच्या फूटपट्टीने आपल्याला मोजतात. यात तथ्य नाही असं म्हणणार नाही. जागतिक भूक निर्देशांकावर भारत सरकारने घेतलेल्या हरकतींपैकी एक अगदी रास्त आहे: चारपैकी तीन निकष लहान मुलांचे आहेत, आणि त्यावरून साऱ्या देशाची भूक ठरवणं बरोबर नाही. २०२३ मध्ये त्या यादीत आपण १२५ देशांत १११ वे होतो. समजा, ती यादी फाडून टाकली. मग आपलंच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण उघडायचं, २०१९-२१ चं. पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे, हे त्यात आहे. हे मूल कुठल्या परदेशी संस्थेने मोजलेलं नाही. आपल्याच माणसांनी घरोघरी जाऊन मोजलं आहे. मानव विकास निर्देशांकात २०२३ सालासाठी भारत १९३ देशांत १३० वा आला. आपण त्या क्रमांकावर चिडतो किंवा खूश होतो, पण त्याच अहवालात विषमता जमेस धरली की भारताचा निर्देशांक सुमारे ३० टक्क्यांनी घसरतो, याची बातमी होत नाही. आणि क्रमांकात अपमान शोधणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की हा निर्देशांक घडवणारे महबूब उल हक जम्मूत जन्मलेले पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ होते, आणि त्यांना साथ देणारे सेन १९६० च्या दशकात दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवत होते. ही फूटपट्टी आपल्याच उपखंडातल्या माणसांनी केली आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: उत्पन्न वाढू द्या, बाकी मागोमाग येईल. साक्षरतेच्या बाबतीत गुरुग्रामने हे बऱ्याच अंशी खरं करून दाखवलं आहे, आणि नूहच्या मुलींना ते मिळायलाच हवं. मागासपणात काही गोडवा आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण मुलींच्या जन्माच्या बाबतीत पैशाने उलट काम केलं. सोनोग्राफी परवडू लागली, छुपा मार्ग परवडू लागला. दिल्लीला खेटून असलेल्या झज्जर जिल्ह्यात ८० टक्क्यांहून जास्त लोक साक्षर, आणि शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ७८२ मुली. आपल्या महाराष्ट्राने तर १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला होता. तरी २००१ मध्ये ९१३ असलेला आपला आकडा २०११ मध्ये ८९४ वर आला, आणि राज्यात सर्वांत चांगलं प्रमाण मुंबई-पुण्यात नव्हतं, गडचिरोलीत होतं. उत्पन्न वाढलं म्हणून हे आपोआप सुधारलं नाही. सुधारणा सुरू झाली ती आकड्याची लाज वाटल्यावर. २२ जानेवारी २०१५ रोजी ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेची सुरुवात हरियाणातल्या पानिपतला झाली, मराठी माणसाला वेगळ्याच कारणाने ठाऊक असलेल्या गावात. सुरुवातीचे १०० जिल्हे निवडले गेले ते जनगणनेतल्या त्या रकान्यामुळे. त्यानंतर हरियाणात जन्माच्या वेळचं प्रमाण ९०० च्या वर गेलं. मोजलं नसतं तर हे घडलं नसतं.

म्हणून मला नवा निर्देशांक नको आहे. जगात ते पुरेसे आहेत. मला हवा आहे तो प्रत्येक सरासरीसोबत तिच्या छेदाचा खुलासा. या आकड्यात कोण धरलं, कोणाचे कष्ट धरले नाहीत, आणि कोणाच्या नसण्याने आकडा फुगला, हे क्रमांकाच्या शेजारी छापलं गेलं पाहिजे, मग तो क्रमांक जिनिव्हात ठरो, न्यूयॉर्कमध्ये ठरो की दिल्लीत. दोन देशांची तुलना करायला हरकत नाही, पण आधी त्यांनी आपापले गुरुग्राम आणि नूह शेजारी ठेवून दाखवावेत. इथे दिलेले दोन्ही जिल्ह्यांचे आकडे २०११ चे आहेत, कारण त्यानंतर जनगणना झालीच नाही. आता ती होते आहे. देशाच्या बहुतेक भागासाठी तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. निकाल हाती येतील तेव्हा पहिल्या पानांवर एकूण लोकसंख्या असेल, चीनशी तुलना असेल, दरडोईचे नवे भागाकार असतील. वाचकांना विनंती एवढीच की त्या दिवशी आपल्या जिल्ह्याचं पान काढा आणि सगळ्यात आधी शून्य ते सहा वयोगटाचा रकाना वाचा.